ते पाणी सर्दीचं नव्हतं

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकावाटे काढलेल्या माणसाच्या नाकातून पुढच्या काही आठवड्यांत स्वच्छ, पातळ पाणी ठिबकायला लागलं, तर ती सर्दी आहे असं कुणी घरबसल्या ठरवू नये. हे आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. माझ्या नाकातून येणारं पाणी मेंदूभोवतीचं होतं. ते थांबवायला पाठीत नळी घालावी लागली, दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागली, आणि वाकणं, शिंकणं, खोकणं या रोजच्या गोष्टींकडे आमच्या घरातल्या प्रत्येकाला नव्यानं बघावं लागलं.

मी कोल्हापूरचा सोनार. गुजरीच्या मागच्या बोळात आमचा लहानसा कारखाना आहे. साज, ठुशी, बोरमाळ असं जुन्या घडणीचं काम आम्ही करतो. मांडी घालून बसायचं, दिवसभर मान खाली, आणि डाख लावताना, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडताना, तोंडात फुंकणी. दिवाळीच्या हंगामात मला बाजूचं दिसेनासं झालं. समोरचा मणी स्पष्ट दिसायचा, पण महाद्वार रोडच्या गर्दीत माणसं खांद्यावर येऊन आदळायची आणि बाजूनं आलेली मोटारसायकल एकदम पुढ्यात उगवायची. चष्मा बदलून काही फरक पडला नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी यंत्रात डोकं ठेवायला लावून, दिवा चमकला की बटण दाबायची तपासणी केली. छापून आलेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू काळी होती. त्या म्हणाल्या, ‘‘हे डोळ्यांचं दुखणं नाही. एमआरआय करून घ्या, उशीर लावू नका.’’

एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीवर अडीच सेंटीमीटरची गाठ दिसली. कर्करोगाची नव्हती. पण पिट्युटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात आणि गाठ तिथं खालून दाबत होती. नाकाच्या मागं, कवटीच्या तळाशी हाडाचा एक खळगा असतो, त्यात ही ग्रंथी बसलेली असते. त्या खळग्याच्या खाली हवेची पोकळी, आणि ती पोकळी नाकात उघडते. म्हणून कवटी न उघडता, नाकपुड्यांतून दुर्बीण घालून गाठ काढता येते. न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर दोघं मिळून ही शस्त्रक्रिया करतात.

गळतीबद्दल आम्हाला आधीच सांगितलं होतं, हे मुद्दाम लिहितो. गाठीच्या वर एक अगदी पातळ पडदा असतो आणि त्याच्या पलीकडे मेंदूचं पाणी. गाठ मोठी असली की ती काढताना हा पडदा कधी कधी फाटतो. माझ्या वेळी तसंच झालं. छिद्र बारीक होतं. डॉक्टरांनी पोटावरची थोडी चरबी काढून तिथं बसवली आणि वरून जैविक गोंद लावला. शुद्धीवर आल्यावर सरांनी, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी, पहिल्यांदा मला आणि मग बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं. असं काही झालं की पुष्कळ घरांत लगेच ‘डॉक्टरांनी काहीतरी बिघडवलं’ अशी कुजबुज सुरू होते, आमच्याकडेही झाली. पण कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेतली ही ओळखीची गुंतागुंत आहे. ती वेळेवर ओळखणं आणि नीट बंद करणं यात डॉक्टरांचं कौशल्य दिसतं, आणि त्यातली ओळखण्याची निम्मी जबाबदारी रुग्णाच्या घरावर येते.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे दवाखान्यातले दिवस बरे गेले. लघवी मोजून लिहायची, सोडियम तपासायचं, सकाळी स्टिरॉइडची गोळी. बाजूचं दिसणं पहिल्या काही दिवसांतच सुधारायला लागलं. खाटेवर पडल्या पडल्या दारातून आत येणारी सिस्टर नजरेच्या कडेला दिसली, तेव्हा मला रडू आलं.

घरी येऊन थोडे दिवस झाले होते. जेवायला बसलो, ताटावर वाकलो आणि उजव्या नाकपुडीतून टपकन थेंब पडला. पुसला, परत वाकलो, परत थेंब. त्याआधी दोन रात्री घशात खारट चव येत होती आणि उताणं झोपलं की काहीतरी मागं उतरतंय असं वाटायचं. आता दोन्ही गोष्टी जुळल्या. थेंबाला चिकटपणा अजिबात नव्हता, रंग नव्हता. रुमालावर शेंबूड वाळला की कापड ताठ होतं. हा रुमाल वाळला तो मऊच राहिला. आणि फक्त एकाच नाकपुडीतून येत होतं.

आक्का भेटायला आली होती. ती म्हणाली, ‘‘अरं, ऊन-वाऱ्याची सर्दी हाय ही. अडुळशाचा काढा घे, वाफ घे, नाक जरा मोकळं शिंकर, बरं वाटंल.’’ तिचा जीव माझ्यावर, म्हणून ती तसं म्हणाली. पण घरी सोडताना दिलेल्या कागदावर नाक शिंकरायचं नाही हे ठळक लिहिलेलं होतं. बायकोनं तो कागदच आक्काच्या हातात दिला आणि मला म्हणाली, ‘‘अहो, आत्ताच्या आत्ता फोन लावा.’’

वॉर्डच्या नंबरवर ड्युटी डॉक्टर भेटले. त्यांचे प्रश्न मोजके होते. वाकल्यावर वाढतं का? एकाच बाजूनं येतं का? चव खारट लागते का? बसल्यावर डोकं दुखून झोपल्यावर कमी होतं का? ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही आहे का? ताप नव्हता. त्यांनी सांगितलं, ‘‘नाक शिंकरू नका, आत ओढू नका, नाकात कापूस कोंबू नका, कुठलाही थेंब किंवा वाफ नको. उशांवर डोकं उंच ठेवून पडा आणि गाडी मिळाली की निघा. सकाळची वाट बघू नका.’’

आम्ही निघालो. थोरल्या मुलानं गाडी इतकी हळू चालवली की कावळा नाक्याला मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

दवाखान्यात मला खुर्चीत बसवून पुढं वाकायला लावलं. पाणी आलं. ते निर्जंतुक बाटलीत धरून प्रयोगशाळेत पाठवलं, बीटा-2 ट्रान्सफेरिन या तपासणीसाठी. हे प्रथिन मेंदूच्या पाण्यात असतं आणि नाकाच्या स्रावात किंवा अश्रूंत सहसा नसतं. त्यामुळे ते सापडलं की पाणी कुठलं आहे याची खात्री होते. एक मिलिलिटरभर पाणीही पुरतं. साखरेची पट्टी नाकाशी धरून बघायची जुनी रीत आहे, पण अश्रूंत आणि रक्तातही साखर असते, तेव्हा त्या पट्टीवर भिस्त ठेवायची नाही, असं सरांनी तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना माझ्यासमोर समजावलं. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. त्यासाठी कुणी थांबलं नाही. दुर्बिणीतून नाक पाहिलं, सीटी स्कॅनमध्ये डोक्यात हवा शिरली आहे का ते तपासलं आणि मला दाखल करून घेतलं.

त्या संध्याकाळी सर खाटेशी बसले आणि त्यांनी या पाण्याबद्दल सांगितलं. मोठ्या माणसाच्या मेंदू आणि मणक्याभोवती सुमारे 150 मिलिलिटर पाणी असतं. पण मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत ते दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर तयार होतं, आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं. म्हणजे चोवीस तासांत ते तीन-चार वेळा बदलतं. हे ऐकून बायकोची पहिली भीती गेली, की माझ्या डोक्यातलं पाणी संपून जाईल. दुसरी भीती मात्र खरी होती. पाणी बाहेर यायला वाट आहे म्हणजे नाकातल्या जंतूंना आत जायलाही वाट आहे. मेंदूज्वराचा धोका तिथून येतो. आणि नाक शिंकरल्यानं त्याच वाटेनं हवा आत ढकलली जाते. आक्का तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि त्यानंतर मला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हे समजावून सांगायला लागली.

मग सरांनी विचारलं, ‘‘कामात नेमकं काय करता?’’ मी फुंकणीचं सांगितलं. ज्योतीवर बारीक, सलग फुंकर मारायची, गाल फुगवून, श्वास न तोडता. ते म्हणाले, ‘‘हे लिहून ठेवतो. तुमच्यासाठी वजन उचलण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.’’ दवाखान्याच्या छापील कागदावर जड उचलू नका, वाकू नका, कुंथू नका एवढं असतं. शहनाई वाजवणारा, फुगे फुगवून विकणारा, तालमीत दम कोंडून जोर मारणारा, यांच्या कामांचा त्यात उल्लेख नसतो. आपण रोज शरीराकडून काय करून घेतो ते डॉक्टरांना आपणच सांगायला हवं.

पहिला उपाय ठरला तो पाठीत नळी घालण्याचा. त्याला लंबार ड्रेन म्हणतात. कमरेत, मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या बऱ्याच खाली, दोन मणक्यांच्या मधून बारीक नळी आत सोडतात. तिचं दुसरं टोक स्टँडवर टांगलेल्या मोजपात्राला आणि पिशवीला जोडतात. पाण्याला इकडून सावकाश वाट दिली की डोक्यातला दाब कमी होतो आणि वरच्या छिद्राला भरून यायला सवड मिळते. कूस करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलो, जागा बधिर केली, सुई गेली तेव्हा उजव्या पायात एक झणका आला आणि गेला. घालताना एवढंच झालं. त्यानंतर ती सांभाळणं मात्र फार कठीण.

ड्रेनमधून माझं पाणी तासाला सुमारे 10 मिलिलिटर काढायचं होतं. हे प्रमाण मोजपात्राच्या उंचीवर ठरतं. कानाच्या भोकाच्या पातळीवर शून्य धरायचं आणि तिथून पात्र किती वर टांगायचं ते डॉक्टर सांगतात. पात्र खाली गेलं किंवा माझं डोकं वर गेलं, तर पाणी भराभर उतरतं. म्हणून कूस बदलण्याआधी, उठून बसण्याआधी, खोकल्याची उबळ आली तर नळीची कळ बंद करायची, आणि स्थिर झाल्यावर पातळी परत जुळवून मगच उघडायची. कळ उघडायला विसरलं तर ड्रेनचा उपयोग नाही, बंद करायला विसरलं तर अपाय. सिस्टर दर तासाला आकडा लिहायच्या. थोरल्यानं भिंतीवर कागदी पट्टी चिकटवून पातळीची खूण केली आणि सिस्टरांना दाखवून घेतली. त्या रात्रपाळीच्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. एवढ्या मोठ्या वॉर्डात, दर तासाला, माझ्या झोपेला धक्का न लावता त्या बॅटरीच्या उजेडात आकडा बघून जायच्या.

एका दुपारी भेटायला आलेल्या पाहुण्यांनी ‘‘जरा उठवून बसवू या, किती वेळ पडून राहणार’’ म्हणत खाटेचा दांडा फिरवला. डोक्याकडची बाजू वर गेली, कळ उघडी होती. माझं डोकं मागून इतकं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात, आणि उलटी आली. थोरल्यानं आधी कळ बंद केली, मग सिस्टरांना हाक मारली. पात्रात तेवढ्या वेळात कितीतरी पाणी जमलं होतं. मला सपाट झोपवलं, तासाभरात दुखणं उतरलं. पाणी जास्त उतरलं तर मेंदू खाली ओढला जाऊन बाजूच्या शिरा ताणल्या जातात, रक्तस्राव होऊ शकतो, आणि वरच्या छिद्रातून हवा आत खेचली जाऊ शकते. त्या दिवसापासून दांड्याला दोरीनं बांधलेला पुठ्ठा लटकला: ‘सिस्टरांना विचारल्याशिवाय खाट हलवू नये.’

मधे एकदा संध्याकाळी ताप आला. मेंदूज्वराच्या शंकेनं घरच्यांचे चेहरे उतरले. ड्रेनमधलं पाणी तपासायला गेलं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. हातातली सलाइनची शीर सुजली होती, ताप त्याचा निघाला. मी विचारलं होतं की गळती आहे तोवर रोज अँटिबायोटिक का देत नाही. सर म्हणाले, नुसत्या गळतीसाठी लांबवर अँटिबायोटिक दिल्यानं मेंदूज्वर टळतो असा ठोस पुरावा नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात. त्यापेक्षा ताप आणि मान यांच्यावर लक्ष ठेवायचं. न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची लस मात्र त्यांनी लिहून दिली, कारण अशा गळतीत मेंदूज्वर व्हायचा तर बऱ्याचदा त्याच जंतूंमुळे होतो.

काही दिवस नाक कोरडं राहिलं. मग ड्रेनची कळ बंद ठेवून मला उठवलं, चालवलं. दुसऱ्या दिवशी वाकल्यावर परत थेंब आला. प्रयोगशाळेचा रिपोर्टही एव्हाना आला होता. बीटा-2 ट्रान्सफेरिन सापडलं होतं. आता परत नाकावाटे जाऊन छिद्र बंद करायचं ठरलं.

बायको पहिल्यांदा त्या दिवशी खचली. तिला वाटलं, आता डोकं उघडणार. सरांनी तिला बसवून सांगितलं की तो काळ मागे गेला. अशी गळती शस्त्रक्रियेनं पहिल्यांदा बंद केली ती अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी, 1926 साली, आणि तेव्हा खरोखरच कवटी उघडावी लागली होती. दुर्बिणीतून नाकावाटे हे काम 1980 नंतर होऊ लागलं. आणि मोठा फरक पडला तो 2006 मध्ये, अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी या डॉक्टरांच्या नावानं ओळखला जाणारा फ्लॅप आल्यावर. नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर सोलून घ्यायचं, पण पूर्ण तोडायचं नाही. मागच्या बाजूला त्याची रक्तवाहिनी जोडलेली ठेवायची आणि ते अस्तर फिरवून कवटीच्या तळाच्या छिद्रावर पांघरायचं. रक्तपुरवठा चालू असल्यामुळे ते जिवंत राहतं आणि लवकर धरतं. मोठ्या छिद्रांनंतर पूर्वी पाचातल्या एखाद्याला किंवा त्याहूनही जास्त जणांना गळती व्हायची. हा फ्लॅप वापरायला लागल्यापासून ते प्रमाण पुष्कळ खाली आलं.

मी विचारलं, पहिल्या वेळीच हा फ्लॅप का नाही लावला? त्यांचं उत्तर मला पटलं. छिद्र बारीक असलं की चरबी आणि गोंद बहुतेकांना पुरतो. फ्लॅप घेतला की नाकाची मधली बाजू उघडी पडते, महिनोन्‌महिने खपल्या धरतात, वास कमी येतो. गरज नसताना प्रत्येकाला ती किंमत मोजायला लावायची नाही.

एक गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे लगेच उमगली. सर सांगत होते की छिद्राभोवतीचं हाड अगदी उघडं करून घ्यावं लागतं, त्याच्यावरचं अस्तर थोडंही राहिलं तर वरचा थर नीट चिकटत नाही, आणि आत अडकलेल्या अस्तरातून पुढं श्लेष्माची गाठ होऊ शकते. आमच्याकडेही डाख लावण्याआधी सांधा घासून लख्ख करतात. मळ किंवा तेलाचा अंश राहिला तर डाख वरून वाहून जातो, धरत नाही. मी हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, ‘‘मग तुम्हाला माझं काम कळलं.’’

ऑपरेशनच्या आधी ड्रेनमधून फ्लोरेसीन नावाचं औषध अगदी पातळ करून, हळूहळू आत सोडलं. डोळ्यांच्या तपासणीत ते वापरतात. मेंदूच्या पाण्यात ते मिसळलं की गळती हिरवट-पिवळी दिसते आणि बारीक छिद्र नेमकं सापडतं. ते मुळात या कामासाठी बनवलेलं नाही, म्हणून त्याची वेगळी संमती घेतली होती. छिद्र सापडलं ते खळग्याच्या वरच्या काठाशी, आधी बसवलेली चरबी जिथून सरकली होती तिथं. यावेळी उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूचं चिवट पातळ आवरण कापून घेतलं, ते छिद्रात बसवलं, थोडी नवी चरबी, त्यावर फ्लॅप, वर गोंद, आणि हे सगळं जागेवर दाबून ठेवायला नाकात पॅक.

शुद्धीवर आल्यावर सगळ्यात जास्त दुखली ती मांडी. याची कल्पना मला कुणी दिली नव्हती, म्हणून इथं लिहून ठेवतो: नाकापेक्षा मांडीचा टाका जास्त दिवस चालताना जाणवतो. नाक बंद असल्यामुळे श्वास तोंडानं. तोंड इतकं कोरडं पडायचं की जीभ टाळ्याला चिकटायची. बायको ओल्या कापडानं ओठ पुसत राहायची.

ड्रेन आणखी काही दिवस ठेवला. तो ठेवायचा की नाही यावर डॉक्टरांत मतभेद असतात, आणि सरांनी तेही लपवलं नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जोखीम जास्त असलेल्या 170 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ड्रेन ठेवलेल्यांपैकी सुमारे 8 टक्के लोकांना गळती झाली आणि न ठेवलेल्यांपैकी सुमारे 21 टक्के लोकांना. पण छिद्र कुठं आहे त्यानुसार फायदा कमीजास्त होतो, म्हणून सरसकट सगळ्यांना ड्रेन घालायचा नाही. माझी गळती एकदा परतलेली, त्यामुळे माझ्यासाठी ठेवायचा असं त्यांनी ठरवलं. सोबत पाणी कमी तयार व्हावं म्हणून ॲसिटाझोलामाइडची गोळी. तिनं बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही.

पॅक काढला तेव्हा सर म्हणाले, वाका. मी वाकलो. कोरडं. अजून थोडं. कोरडंच. ड्रेन बंद ठेवून पुन्हा तेच, मग ड्रेन काढला. पाठीला एक टाका पडला.

घरी यायला आणि चटणीचे दिवस यायला एकच गाठ पडली. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात गल्लीगल्लीत मिरच्या वाळत घातलेल्या, घरोघर मसाला भाजतात, डंकाच्या गिरणीसमोर रांगा, आणि मिरचीचा खाट उठला की चार घरं शिंकतात. मला शिंक म्हणजे मोठं संकट. शिंकताना नाक दाबून धरलं तर सगळा दाब कवटीच्या तळावर जातो, म्हणून शिंक आलीच तर तोंड पूर्ण उघडं ठेवून सोडायची, हे मी दवाखान्यात शिकलो होतो. पण मुळात ती येऊच नये म्हणून बायकोनं त्या वर्षी चटणीचं सगळं सामान माहेरी, कागलला पाठवलं. शेजारच्या काकूंनी स्वतःहून त्यांच्या मिरच्या पलीकडच्या गल्लीत नेऊन भाजल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. देवघरातली उदबत्ती बंद झाली. फोडणीच्या वेळी मला माडीवर पाठवायचे.

चैत्र यात्रेला आम्ही कधी चुकत नाही. त्या वर्षी जोतिबाचा डोंगर नाही, गुलाल तर नाहीच. भाऊबंद यात्रा करून आले ते अंगणातच थांबले, अंघोळ करून, कपडे बदलून मग आत आले. गुलाल कपाळाला लावायचा सोडून त्यांनी खोबऱ्याचा प्रसाद तेवढा हातावर ठेवला.

बाकी पथ्यं साधी वाटतात आणि पाळायला अवघड. झोपताना डोकं 30 अंश वर. चप्पल घालायला वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, पाठ सरळ ठेवून. घागर, पिशवी, नातवंड, काहीही उचलायचं नाही. नळीनं शहाळं प्यायचं नाही, ओढून प्यायल्यानंही आत ताण येतो, पेल्यात ओतून प्यायचं. पोट साफ राहायलाच हवं, कारण कुंथण्यानं डोक्यातला दाब चढतो. रात्री इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. भारतीय बैठकीच्या संडासात खाली बसून उठताना ताण पडतो, म्हणून थोरल्यानं मधे भोक असलेली खुर्ची आणली. जेवण पाटावरून टेबलावर आलं. तिखट रस्सा काही आठवडे बंद, ठसका लागू नये म्हणून. पांढरा रस्सा मात्र बायको कमी मिरीचा करून द्यायची.

खपल्यांचा त्रास पुष्कळ दिवस राहिला. मिठाच्या पाण्याचा फवारा सरांनी सांगितल्यावर सुरू केला, आणि नाक धुणं त्याच्याही नंतर. दर काही आठवड्यांनी दुर्बिणीतून ते खपल्या साफ करायचे. एकदा त्यांनी पडद्यावर मला फ्लॅप दाखवला. गुलाबी, ओलसर, काठाला काठ बसलेला. खाली नाडीबरोबर किंचित हलत होता. त्याच्या मागं माझा मेंदू, हे कळल्यावर मी बराच वेळ तिकडं बघत राहिलो.

या दिवसांत ओळखीतून दोघांचे फोन आले. एकाच्या वडिलांची अशीच शस्त्रक्रिया झालेली, नाकातून पाणी येत होतं आणि घरात वाफ देणं चालू होतं. मी त्याला तोच ड्युटी डॉक्टरांचा प्रश्न विचारला, वाकल्यावर वाढतं का. तो गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘व्हय, वाढतंय की.’’ त्याच रात्री त्यांनी वडिलांना दाखल केलं. दुसऱ्याचं पाणी तपासणीत नाकाचंच निघालं. दवाखान्यात जाऊन ते सर्दीचं ठरलं तर तेवढ्यानं काही बिघडत नाही, म्हणून मी त्यालाही जायलाच सांगितलं होतं.

फ्लॅप पक्का धरल्यावर सरांनी कामाला बसायची परवानगी दिली, पण उंच टेबलावर, मान सरळ ठेवून, आणि थोडा थोडा वेळ. फुंकणी अजून नाही. आता पायानं दाबायच्या भात्यावर आणि गॅसच्या छोट्या बंदुकीवर डाख लावतो. बारीक कामाला ती ज्योत हवी तशी वळत नाही, म्हणून साजातली जाळीची पानं सध्या माझा कारागीर करतो. वास निम्मा परत आलाय. कांदा-लसणाचा येतो, मोगऱ्याचा नाही. बाजूचं दिसणं कागदावर जवळजवळ पूर्ण भरून आलंय. स्टिरॉइडची सकाळची गोळी चालू आहे आणि ताप किंवा उलट्या झाल्या तर ती वाढवायची असते, याची चिठ्ठी पाकिटात ठेवतो. पुढचा एमआरआय श्रावणात आहे. त्या वेळी फुंकणीबद्दल विचारायचं असं सरांनीच फाइलवर लिहून ठेवलंय.